सेतुमाधवरावांचं आकाशातलं शेत

आमचे घरमालक सेतुमाधवराव राहुकाळात डाउनलोड थांबवतात.

थट्टा नाही करत. राहुकाळ म्हणजे रोजची दीड तासाची अशुभ वेळ, वारागणिक बदलणारी. तमिळ मुलखात त्या वेळात कुणी नवं काही सुरू करत नाही. गाडी घेत नाहीत, दुकान उघडत नाहीत, स्थळ बघायला जात नाहीत. इथवर माझं काही म्हणणं नाही. पण काकांच्या कंप्युटरवर एखादा खेळ उतरत असला, अर्ध्याच्या वर उतरलेला असला, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे राहुकाळ जवळ आला, की काका उठतात, चष्मा चढवतात आणि डाउनलोड थांबवतात. मग दीड तास कंप्युटरही गप्प आणि काकाही गप्प.

एकदा मला राहवलं नाही. "अहो काका, सुरुवात तर चांगल्या वेळी झाली ना? मध्ये राहुकाळ आला तर काय बिघडलं? म्हणून काय लग्नाची पंगत अर्ध्यावर उठवतात?"

"तसं नव्हे, बाई," काका शांतपणे म्हणाले. "राहुकाळात करंट गेला, समजा. मग आला. की तें आपलं आपण पुन्हा उतरायला लागतं, मजला न विचारतां. म्हणजे सुरुवात राहुकाळातच झाली की नाही?"

कुंभकोणमचा करंट जातो आणि येतो, हे तर मी रोज बघत होते.

मी मूळची सांगलीची. बँकेनं बदली करून मला इथं पाठवलं, तेव्हा मी आधी नकाशात गाव शोधलं आणि मग रडून घेतलं. मराठी बोलणारा घरमालक मिळाला हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. सामान घेऊन आले तर दारात एक सडपातळ गृहस्थ उभे, सत्तरीला टेकलेले, पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, खांद्यावर पातळ पंचा. मी पेट्या उचलायला वाकले तर म्हणाले, "काय करूंलालांत, बाई?"

मी तशीच वाकून राहिले. मग लक्षात आलं की ते ‘काय करताय’ असं विचारतायत. यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी दरबाराबरोबर आले ते इथलेच झाले आणि त्यांच्याबरोबर आलेली मराठीही तिथंच थांबली. येतोय म्हणायचं तर ‘येऊंलालों’, पाऊस पडतोय तर ‘पडूंलाला’. पहिले काही दिवस मला हसू यायचं. ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण एका सकाळी कॉफी देता देता म्हणाले, "तुमची मराठी फार घाईची आहे, बाई. बस चुकूंलाली असल्यासारखी." तेव्हापासून मी हसायचं सोडलं.

काकांचा जन्म गेला तिरुभुवनमला. तिथं रेशमी साड्या विणतात, आणि मागावर नक्षी उतरावी म्हणून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात. ते काम काका करत. "इथं भोक पाडलं की तिथं मोर उतरतो. कंप्युटर म्हणजे दुसरं काय?" असं म्हणून, साठी जवळ आली असताना त्यांनी घरात कंप्युटर आणला. एकुलती एक मुलगी यमुना तेव्हा कॉलेजात होती. बापलेक शेजारी शेजारी खुर्च्या टाकून खेळ खेळायचे, आणि काकू आतून ओरडायच्या की जेवण गार होतंय. हे सगळं मी ऐकलेलं. मी आले तोवर काकू गेल्या होत्या आणि यमुना लग्न करून जर्मनीला.

त्या काळी खेळ डब्यात मिळायचे, आत चकती. बसस्टँडजवळच्या एका दुकानात काका आणि यमुना जाऊन डबा निवडत, घरी आणून त्याला हळदकुंकू लावत, आणि मगच चकती आत सरकवत. ते डबे अजून काकूंच्या साड्यांच्या कपाटात आहेत, डांबरगोळ्या घालून. आता त्या चकत्यांना बुरशी आलीय, आणि नव्या कंप्युटरला चकती घालायची फटच नसते. काका म्हणतात, त्याला तोंडच नाही.

आता खेळ इंटरनेटवरच्या दुकानात मिळतात. तिथं खातं उघडायचं, पैसे भरायचे, खेळ आपसूक उतरतो. काका त्याला आकाशातलं दुकान म्हणतात. त्या दुकानाचं चांगलं काय आणि वाईट काय, हा त्यांचा कॉफीच्या वेळचा ठरलेला विषय. गल्लीतल्या तमिळ मंडळींनाही ते ऐकवून झालंय. तिथं त्यांना ‘रायर’, म्हणजे राव, म्हणतात, आणि रायर खेळांवर बोलायला लागले की मंडळींना एकेक काम आठवतं. उरते मी.

"चांगलं आहे, बाई. नाही म्हणत नाही. उन्हात जावं नको. चकती घासत नाही, हरवत नाही. कंप्युटर मेला तरी खेळ मरत नाही, नव्यावर पुन्हा उतरतो. दिवाळीला स्वस्तही करतात."

"मग झालं की."

"काय झालं? डबा माझा होता. शेजारच्याला दिला तर दिला. हा खेळ माझा नव्हे. लग्नाच्या कल्याणमंडपातल्या भांड्यांसारखा आहे. वाढा, जेवा, पण घरी नेऊं नका. आणि बसलों खेळायला, की तें म्हणतं, थांब, मी आधी नवा होतों. तासभर नवा होतो. मग परवलीचा शब्द विचारतो. मग फोनवर आकडा पाठवतो. माझ्याच घरांत शिरायला मज दारवान!"

आयुधपूजेला तर मोठीच पंचाईत झाली. त्या दिवशी इथं प्रत्येक जण आपापल्या कामाच्या वस्तूंना गंधकुंकू लावतो. डब्याला लावता यायचं. आकाशातल्या खेळाला कुठं लावायचं? काकांनी बराच विचार केला आणि शेवटी वायफायच्या पेटीला गंधाची बोटं ओढली, वर जास्वंद ठेवली. बँकेतलं इंटरनेट दुपारी बंद पडलं तेव्हा मला त्या जास्वंदीची आठवण झाली होती, ते सोडा.

तर मुद्द्याची गोष्ट अशी, की ते खातं काकांचं नव्हतंच. जर्मनीला जायच्या आधी यमुनेनं बिनतोंडाचा नवा कंप्युटर आणून दिला, त्यावर स्वतःचं खातं उघडून ठेवलं आणि म्हणाली, "अप्पा, यातलं सगळं तुम्ही खेळा." तेव्हापासून काका लेकीच्या नावानं खेळत. कंप्युटर चालू केला की पडद्यावर तिचं नाव यायचं, आणि काका रोज त्याला मान डोलवायचे.

सगळं म्हणजे, दोनचार खेळ उतरवून बघून झाल्यावर, एकच खेळ, शेताचा. सुरुवातीला पडीक जमीन मिळते. नांगरायची, पेरायची, पाणी घालायचं, कोंबड्यांना दाणे टाकायचे. इन्नंबूरला यांच्या चुलत्यांची खरीखुरी भातशेती आहे. तिथं हा माणूस कधी बांधावर उभा राहिलेला नाही. चपला खराब होतात म्हणे.

या खेळातलं शेत कंप्युटरात नसतं, खात्यात असतं. त्यामुळे काका इथं नांगर सोडून उठले की तिकडं जर्मनीत तेच शेत उघडतं, जिथं सोडलं तिथून पुढं. आणि तिकडं रात्री काही लावलं की ते सकाळी इथं उगवलेलं दिसतं. एका वेळी एकानंच खेळायचं. दुसरा आला की पहिला बाहेर.

म्हणून काका आंघोळ झाली, कॉफी झाली, की वर्तमानपत्राच्या आधी शेत उघडत. मी बँकेत निघाले की पायरीवर मला बातमी मिळे.

"काल पोरीनं मिरच्या लावल्या, बाई. मन प्रसन्न दिसतं."

किंवा, "माझी केळी बांधावरून काढली तिनं. मागल्या बाजूला नेऊन लावली. हट्टी आहे."

किंवा, "टोमॅटोला काठ्या लावल्यात. निवांत असेल."

मी म्हणायची, "अहो, रविवारी फोन करता तेव्हा विचारा की, मिरच्या कशा लावल्यास म्हणून." त्यावर काका हात झटकायचे. रविवारचा फोन मी जिन्यातून कितीदा ऐकलाय. जेवलीस का. जेवले. तिकडं थंडी आहे का. आहे. तुम्ही गोळ्या घेतल्यात का. घेतल्या. सरी (म्हणजे बरं), ठेवतों. बापलेकीच्या बोलण्याला कुणीतरी मीटर लावल्यासारखं वाटे.

एकदा सलग काही दिवस शेतात कुणी फिरकलंच नाही. तण माजलं. कोंबड्या उपाशी. काकांनी कोंबड्यांना घातलं, पण स्वतः ताटावरून उठले. "सुट्टीवर गेले असतील," मी म्हटलं. "असतील," ते म्हणाले, पण गोळ्या घ्यायचेही विसरले. मग एका सकाळी मला वरच्या मजल्यापर्यंत हाक आली, "बाई, तण काढलं!" त्या दिवशी मला कॉफीबरोबर रव्याचा लाडू मिळाला.

आणि मग या पोंगलनंतर ते आमंत्रण आलं.

मी बँकेतून आले तर काका कंप्युटरपुढं हात मांडीवर ठेवून बसलेले. "पोरीनं वाटणी मागितली," म्हणाले.

मला वाटलं घराची. बघते तर पडद्यावर एक चौकट. यमुनेनं काकांच्या नावानं वेगळं खातं उघडलं होतं, त्यात तोच खेळ विकत घेऊन घातला होता, आणि खाली बटण होतं: स्वीकारा.

"वाटणी कसली, काका? भेट आहे ही. तुमचं स्वतःचं शेत. आता तुम्हाला कुणी मध्येच बाहेर काढणार नाही."

"म्हणजे चूल वेगळी," काका म्हणाले, आणि कंप्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, दाबलंत का बटण? तर राहुकाळ होता. संध्याकाळी? संध्याकाळी अष्टमी लागली. इथं अष्टमी-नवमीला कुणी नवं काम धरत नाही, त्यामुळे पुढचा दिवसही गेला. मग मंगळवार, तो मुळातच वाईट. मी काही कच्च्या गुरूची चेली नाही. मी कॅलेंडर काढून बसले आणि म्हटलं, "काका, ही बघा अमावास्या. तमिळ लोक अमावास्येला खुशाल नवं काम सुरू करतात. आमच्या शाखेतला पेरुमाळ भावाच्या दुकानाचा नारळ अमावास्येलाच फोडून आला."

काका ताठ बसले. "तमिळांचं चालतं, बाई. आम्ही मराठी. आम्हांला अमावास्या वर्ज्य."

अष्टमीला तमिळ आणि अमावास्येला मराठी! असा माणूस कोणत्या मुहूर्तावर सापडणार?

त्याच आठवड्यात यमुनेचा मला फोन आला, जेवणाच्या सुट्टीत. "अक्का, अप्पांना जरा समजावा ना. काहीतरी पंचांग सांगत बसलेत. शनिवारी आम्ही परवलीचा शब्द बदलणार आहोत. दोन देशांतून एकच खातं चालतंय म्हणून त्या दुकानाची सारखी सूचना येते. आणि लुकासलाही त्रास होतो. खेळत असतो आणि अप्पा आले की फेकला जातो बाहेर."

"लुकास?"

"माझे मिस्टर हो. तोच खेळतो. मला कुठला वेळ? मी तर वर्षभर ते शेत उघडलंसुद्धा नाही."

फोन ठेवला आणि मी डबा बंद करून टाकला. मिरच्या, केळी, टोमॅटोच्या काठ्या. मन प्रसन्न दिसतं. निवांत असेल. कितीतरी सकाळी त्या पायरीवर मी हे ऐकलं होतं, आणि त्यातलं एकही रोप यमुनेचं नव्हतं. मला त्या पोरीचा राग आला. मग तिचा राग कशाला करायचा म्हणून स्वतःचा आला, की ऐकलंच कशाला हे. सांगावं की नाही याचा विचार करून माझं डोकं उठलं. शनिवारनंतर शेत बंद होणारच होतं. मग निदान खोटी आशा तरी नको.

शुक्रवारी संध्याकाळी मी खाली गेले. काका शेतातच होते. त्यांचं काहीतरी निरवानिरवीचं चाललं होतं. कुंपणाच्या मोडक्या फळ्या बदलत होते, पिकलेलं सगळं काढून कोठारात भरत होते, विहिरीजवळचे दगड एकेक उचलत होते.

"काका, एक सांगायचं होतं," मी म्हटलं. "ते शेत... म्हणजे यमुना..."

"जावई खेळूंलाला," काका म्हणाले. पडद्यावरची नजर हलली नाही.

मी खुर्ची ओढून बसले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हे वाफे बघा, बाई. दोरी लावून काढलेत. पोर असे वाफे काढील? तिनं जन्मांत स्वतःची वेणी सरळ घातली नाही. हा जर्मन हात आहे."

"मग रोज मला पोरीनं हे लावलं, पोरीनं ते काढलं, असं का सांगत होतात?"

काकांनी एक दगड उचलून कडेला ठेवला. मग हात थांबवला.

"त्याला मी लग्नापुरता पाहिला. वेष्टी सुटूंलाली म्हणून दोन्ही हातांनी धरून बसला होता बिचारा. त्याला मराठी नाही, तमिळ नाही. त्याचं इंग्लिश मज कळना, माझं त्याला कळना. मी हो म्हटलं. हो म्हणणं वेगळं, मन लागणं वेगळं. इतक्या लांब पोर दिली. माणूस कसा आहे, तिला नीट वागवतो का, कोणास विचारूं?"

"यमुनेला विचारायचं."

"विचारलं. ती म्हणते, बरं आहे, अप्पा." ते माझ्याकडे वळले. "पोरी तसंच म्हणतात, बाई. आमच्या हिच्या बापानं विचारलं तेव्हा हिनंही तसंच सांगितलं होतं. मी त्या काळी कसा होतों, तें माझं मज ठाऊक."

भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे त्यांनी बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

"मग हे शेत सांपडलं. हा माणूस रोज घरी येतो. कोंबड्यांना आधी घालतो, मग बाकीचं. माझी केळी त्याच्या टोमॅटोवर सावली धरत होती. उपटून टाकली असती तर कोण विचारणार होतं? उपटली नाही. मुळासकट उचलून मागं लावली, पाणी घातलं. एक केळ मेली नाही. असा माणूस बायकोवर हात उचलीत नाही. आवाजही चढवीत नसेल. आणि ज्या दिवशीं शेतांत कोणी येत नाही, तेव्हां मज वाटतं, भांडण झालं. दुसरे दिवशीं तण काढलेलं दिसलं की मी जेवतों."

मला माझ्या वडिलांची आठवण आली. मी बदलीच्या गावी पोचले की ते फोनवर फक्त एवढंच विचारायचे, नळाला पाणी येतं का.

"मी यमुनेला सांगते," मी म्हटलं. "शब्द बदलू नका म्हणते."

"अजिबात नको. पोरीला वाटेल, बाप पाळत ठेवूंलाला. ठेवत होतोंच की. पण तिला वाटूं नये."

मग त्यांनी कोठाराचं दार लावलं, कोंबड्या आत घेतल्या आणि शेतातून बाहेर आले. पडद्यावर यमुनेचं नाव आलं. काकांनी नेहमीसारखी मान डोलावली आणि ते आमंत्रण उघडून स्वतःच बटण दाबलं. खेळ नव्यानं उघडला. समोर नुसती पडीक जमीन, दगड आणि बुंधे. वर त्यांचं स्वतःचं नाव, इंग्रजीत, थोडं चुकीचं.

"आता तिकडचं कसं कळणार, काका?"

काकांनी त्या नव्या जमिनीतला पहिला दगड उचलला.

"अत्तां विचारावं लागेल," म्हणाले.

रविवारी मी पिठल्याचं पातेलं घेऊन खाली उतरले तेव्हा फोन लागलेला होता. जेवलीस का. सरी. थंडी आहे का. सरी. आता ठेवणार म्हणून मी पातेलं ओट्यावर टेकवलं, तर काका म्हणाले, "फोन जावयाला दे."

तिकडं बहुधा यमुनेला नीट ऐकू आलं नाही. काकांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. आणि मग ते उठून उभे राहिले. पंचा खांद्यावर नीट घेतला. लग्नात जावयाला सामोरं जावं तसे उभे होते, भिंतीकडे तोंड करून.

"हॅलो," काका म्हणाले. "धिस इज सेतुमाधवराव, फ्रॉम कुंभकोणम."

मग पुढचं काही सुचेना. मला वाटलं, संपलं. काकांनी घसा खाकरला.

"टोमॅटो," म्हणाले. "हाउ इज टोमॅटो?"

तिकडून काहीतरी उत्तर आलं. आणि मग तो माणूस जो बोलत सुटला तो थांबेचना. त्यातलं काकांना किती कळत होतं कुणास ठाऊक. मला तर नुसता आवाज येत होता, घाईघाईत, आनंदात बोलणाऱ्या माणसाचा. काका ‘यस, यस’ म्हणत होते. मध्येच म्हणाले, "मॉर्निंग वॉटर. नॉट इव्हिनिंग." फोन त्यांनी कानावर इतका दाबून धरला होता की कान लाल झाला.

मग एकाएकी त्यांनी हातानं मला गप्प राहायची खूण केली. मी तर काही बोलतच नव्हते. फोनवर पालथा हात धरून ते माझ्याकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले,

"बाई, मागं पोर हसूंलाली."